कृष्ण विवरांची ऊष्मागतिकी

कृष्ण विवराचे वस्तुमान, क्षितिजाचे क्षेत्रफळ, पृष्ठीय गुरुत्व इ. राशींमधील संबंध ऊष्मागतिकीच्या नियमांच्या रूपात मांडणारी भौतिकीची शाखा. क्षितिज म्हणजे ज्याच्या आतून प्रकाशही बाहेर येऊ शकत नाही अशी सीमा. आरंभी केवळ साधर्म्य समजले गेलेले हे संबंध पुढे प्रत्यक्ष भौतिकीय नियम ठरले. हे नियम आइन्स्टाइन यांच्या समीकरणांपुरते मर्यादित आहेत की कोणत्याही गुरुत्वाकर्षण सिद्धांताला लागू पडावेत इतके मूलभूत आहेत, हा या शाखेतील मध्यवर्ती प्रश्न आहे.

कोणत्याही अभिजात प्रक्रियेत क्षितिजांचे एकूण क्षेत्रफळ घटत नाही, असे स्टीव्हन हॉकिंग यांनी १९७१ मध्ये दाखविले. उष्ण वायू विवरात पडल्यास त्याची एंट्रॉपी बाह्य विश्वातून नाहीशी होते व ऊष्मागतिकीचा दुसरा नियम धोक्यात येतो. ही आपत्ती टाळण्यासाठी जेकब बेकनस्टाइन यांनी १९७२–७३ मध्ये विवराची एंट्रॉपी क्षेत्रफळाच्या सम प्रमाणात मानावी असे सुचविले. जेम्स बार्डीन, ब्रँडन कार्टर व हॉकिंग यांनी १९७३ मध्ये विवरांच्या यामिकीचे चार नियम मांडले. परंतु विवरातून काहीच बाहेर पडत नसल्याने त्याचे तापमान शून्यच मानले पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुंजयामिकी विचारात घेतल्यास विवर उष्ण पदार्थाप्रमाणे प्रारण उत्सर्जित करते, हे स्वतः हॉकिंग यांनीच १९७४ मध्ये सिद्ध केले आणि बेकनस्टाइन यांची कल्पना मान्य झाली. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या विवराचे तापमान सु. ०.०००००००६ के. असते. वस्तुमान वाढल्यास हे तापमान घटते; म्हणजेच अशा विवराची उष्णताधारकता ऋण असते व त्याचे परिसराशी स्थिर संतुलन राहू शकत नाही.

विश्वस्थिरांक ऋण असलेल्या अवकाश-कालात मात्र परिस्थिती निराळी असते. असा अवकाश-काल बंदिस्त पेटीप्रमाणे प्रारण परत विवराकडे पाठवितो. हॉकिंग व डॉन पेज यांनी १९८३ मध्ये दाखविले की, विशिष्ट तापमानाखाली केवळ उष्ण प्रारण, तर त्यावर मोठे विवर ही अधिक स्थिर अवस्था असते. हे विवरांच्या प्रावस्था संक्रमणाचे प्रसिद्ध उदाहरण होय. विश्वस्थिरांक हा दाब मानल्यास विद्युत् भारित विवराच्या लहान व मोठ्या अवस्थांतील संक्रमण व्हान डर वाल्स वायूच्या द्रवीभवनासारखे असते, असे डेव्हिड कुबिझ्न्याक व रॉबर्ट मान यांना २०१२ मध्ये आढळले.

आइन्स्टाइन समीकरणांत वक्रतेच्या उच्च घातांची पदे मिळविल्यास परिवर्तित गुरुत्वाकर्षणाचे सिद्धांत मिळतात. डेव्हिड लव्हलॉक यांनी १९७१ मध्ये मांडलेला सिद्धांत यांपैकी प्रमुख असून गाउस–बॉनेट पद हा त्याचाच एक भाग आहे. येथे एंट्रॉपी केवळ क्षेत्रफळावर अवलंबून नसते. क्षितिजाच्या स्वतःच्या वक्रतेचाही तीत वाटा असतो. रॉबर्ट वॉल्ड यांनी १९९३ मध्ये एंट्रॉपीची अशी व्यापक व्याख्या दिली की, क्षेत्रफळाचा नियम सोडावा लागला तरी पहिला नियम अबाधित राहतो. प्रावस्थाही बदलतात : पाच मितींच्या गाउस–बॉनेट सिद्धांतात विद्युत् भार नसलेल्या विवरातही वरीलप्रमाणे लहान–मोठे संक्रमण होते, असे २०१३ मध्ये दाखविण्यात आले.

दुसऱ्या नियमाची सिद्धता मात्र अधिक कठीण ठरली आहे. ॲरन वॉल यांनी २०१५ मध्ये व्यापक सिद्धांतांसाठी ती सौम्य विक्षोभांपुरती दिली. दोन विवरांच्या विलीनीकरणासारख्या तीव्र प्रसंगी ती लागू पडत नाही.

दुसऱ्या बाजूने पाहता, क्षितिजाची ऊष्मागतिकी गृहीत धरून गुरुत्वाकर्षणाची समीकरणे मिळविता येतात, हे टेड जेकबसन यांनी १९९५ मध्ये दाखविले. पुण्याच्या आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्रातील थानू पद्मनाभन (१९५७–२०२१) यांनी ही दिशा लव्हलॉक सिद्धांतापर्यंत नेली. तीनुसार वायूचा दाब जसा रेणूंच्या सामूहिक वर्तनातून उद्भवतो, तसे गुरुत्वाकर्षणही अवकाश-कालाच्या सूक्ष्म घटकांतून उद्भवत असावे.

हॉकिंग प्रारणाचे खगोलीय विवराबाबत प्रत्यक्ष निरीक्षण झालेले नाही. तथापि १४ सप्टेंबर २०१५ रोजी नोंदल्या गेलेल्या गुरुत्वीय तरंगांच्या विश्लेषणातून, विलीनीकरणानंतरचे क्षेत्रफळ आधीच्या एकूण क्षेत्रफळाहून कमी नाही, या निष्कर्षाला २०२१ मध्ये सु. ९५ टक्के विश्वासार्हतेने पुष्टी मिळाली.