हिरवळीवरचा खळगा आणि त्याची योग्य दुरुस्ती

गोल्फच्या मैदानात सर्वाधिक निगा राखली जाते ती खळीभोवतीच्या हिरवळीची. खेळाच्या भाषेत तिला ‘पटिंग ग्रीन’ किंवा नुसते ‘ग्रीन’ म्हणतात. येथील गवत साधारणतः तीन मिलिमीटर उंचीवर कापलेले असते. घरातील सतरंजीपेक्षाही सपाट अशा या पृष्ठभागावर चेंडू अलगद घरंगळत १०८ मिलिमीटर व्यासाच्या खळीत जावा, अशी अपेक्षा असते. मात्र याच हिरवळीवर दूरवरून मारलेला चेंडू उंचावरून येऊन आदळतो आणि तेथे एक लहानसा खळगा पडतो. त्याला ‘बॉल मार्क’ किंवा ‘पिच मार्क’ म्हणतात. हा खळगा बुजविणे हे प्रत्येक खेळाडूचे कर्तव्य मानले जाते. ते काम अर्ध्या मिनिटाचे असले, तरी बहुतेक जण ते चुकीच्या पद्धतीने करतात आणि खळग्यापेक्षा दुरुस्तीनेच गवताची अधिक हानी होते.

खळगा कसा पडतो?

गोल्फच्या चेंडूचे वजन नियमानुसार जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम असते आणि व्यास किमान ४२.६७ मिलिमीटर. आकाराने लहान असला, तरी आखूड लोखंडी काठीने उंच उडविलेला चेंडू तीव्र कोनात खाली येतो. आदळताक्षणी तो माती खाली दाबतो आणि गवताचा थर पुढे ढकलतो. त्यामुळे खळग्याच्या एका कडेला गवताची वळी साचते आणि तळाशी पाती चिरडली जातात. माती ओलसर असेल, तर गवताचा तुकडा मुळासकट उपटून बाहेर फेकला जातो. पावसाळ्यात किंवा नुकतेच पाणी दिलेल्या हिरवळीवर असे खोल खळगे अधिक दिसतात. याउलट स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील वाळूमय, टणक मैदानांत चेंडू जमिनीलगत घरंगळत नेण्याची पद्धत आहे. तेथे खळगे तुलनेने उथळ असतात.

एका खळग्याने काय बिघडते, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण हिशेब करून पाहावा. एखाद्या मैदानावर दिवसाला शंभर जण खेळले आणि प्रत्येकाच्या चेंडूने आठ खळगे पाडले असे मानले, तर एका दिवसात आठशे आणि महिन्याकाठी चोवीस हजार खळगे होतात. अठरा हिरवळींत ते वाटले, तरी प्रत्येक हिरवळीच्या वाट्याला रोज चाळीसहून अधिक खळगे येतात. ते तसेच राहिले, तर आठवड्याभरात हिरवळीला देवीच्या व्रणांची कळा येईल.

दुरुस्ती चुकते कोठे?

खळगा दिसताच त्याखाली काटा खुपसून मधला भाग वर उचलावा, ही सर्वसाधारण समजूत आहे. वरवर ती तर्कशुद्ध वाटते, कारण जे खाली गेले ते वर आणले की झाले. प्रत्यक्षात खळग्याच्या तळाशी असलेल्या गवताची मुळे दबलेली असली, तरी मातीत घट्ट असतात. तरफेसारखा जोर लावून मधला भाग उचलला, की ही मुळे तुटतात आणि खालची उघडी माती वर येते. दुसऱ्या दिवशी सकाळी गवत कापण्याचे यंत्र फिरते, तेव्हा हा उंचवटा खरवडला जातो. मुळे तुटलेले गवत ऊन लागताच वाळते आणि तेथे तपकिरी चट्टा उरतो. त्या मोकळ्या जागेत शेवाळ किंवा तण शिरकाव करते. थंड हवामानाच्या प्रदेशांत ‘पोआ ॲन्युआ’ हे तण अशा चट्ट्यांतून पसरते, हा तेथील माळ्यांचा जुना अनुभव आहे.

योग्य पद्धत

या कामासाठी दोन दातांचा छोटा काटा मिळतो. तो खिशात सहज मावतो. काटा नसेल, तर चेंडू ठेवण्याची लाकडी ‘टी’ही चालते. पुढील क्रम लक्षात ठेवावा.

पहिली गोष्ट, काटा खळग्याच्या आत न खुपसता कडेच्या किंचित बाहेर, निरोगी गवतात उभा रोवावा. जेथे गवताची वळी साचली आहे, त्या बाजूपासून आरंभ करणे सोयीचे.

दुसरी गोष्ट, काट्याची मूठ खळग्याच्या मध्याकडे हलकेच कलती करावी. त्यामुळे कडेचे गवत आत सरकते. मूठ उलट दिशेला, म्हणजे बाहेर जमिनीकडे दाबू नये. तसे केल्यास दात खालून वर येतात आणि मुळे तोडतात. काटा पिळणेही टाळावे.

तिसरी गोष्ट, हीच क्रिया खळग्याभोवती चार-पाच ठिकाणी करावी. सर्व बाजूंचे गवत मध्याकडे ओढले गेले, की खळग्याचे तोंड मिटते. जखमेच्या कडा जुळवून टाके घालावेत, तसाच हा प्रकार आहे. खळगा तळातून वर उचलायचा नसतो, कडांनी झाकायचा असतो.

चौथी गोष्ट, शेवटी पटरच्या तळाने किंवा बुटाच्या तळव्याने ती जागा हळुवार दाबून सपाट करावी. हात फिरवून पाहिल्यास उंचवटा जाणवता कामा नये. त्या जागेवरून आपण स्वतः चेंडू ढकलण्यास तयार असू, तर काम नीट झाले असे समजावे.

उपटून पडलेला गवताचा तुकडा पुन्हा खळग्यात बसविण्याचा हट्ट धरू नये. मुळे तुटलेला पातळ तुकडा बहुधा तग धरीत नाही. भोवतालचे गवतच आत ओढणे अधिक फलदायी ठरते. फार मोठी हानी झाली असेल, तर ती जागा माळ्यांवर सोडावी. ते तेथे वाळू भरतात किंवा निरोगी गवताची ढेप बसवितात.

गवत स्वतः कसे सावरते?

कडा जुळविल्याचा लाभ गवताच्या स्वभावामुळे होतो. थंड प्रदेशांतील हिरवळींवर लावले जाणारे ‘क्रीपिंग बेंट’ आणि उष्ण प्रदेशांतील ‘बर्म्युडा’ ही दोन्ही गवते जमिनीवर सरपटणाऱ्या खोडांनी पसरतात. कडा एकमेकींजवळ असतील, तर ही खोडे मधली फट लवकर भरून काढतात. बर्म्युडा गवत आपल्याला अपरिचित नाही. ते म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहिली जाणारी दूर्वा. हिरवळींसाठी वापरले जाणारे तिचे बुटके संकरित वाण अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन येथील संशोधनातून पुढे आले. त्यांच्या ‘टिफ’ या नावाचे मूळ तेच. उबदार हवेत हरळी झपाट्याने वाढते, परंतु कडाक्याच्या थंडीत तिची वाढ मंदावते. म्हणून उत्तर भारतातील हिवाळ्यात निष्काळजीपणे बुजविलेला खळगा दीर्घकाळ तसाच दिसत राहतो.

नियम काय सांगतात?

गोल्फचे नियम ‘आर अँड ए’ आणि ‘युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशन’ या दोन संस्था ठरवितात. २०१९ पूर्वी हिरवळीवर केवळ चेंडूचे खळगे आणि बुजविलेल्या जुन्या खळींच्या खुणाच दुरुस्त करता येत. आपल्या चेंडूच्या मार्गातील बुटांच्या खिळ्यांचे ओरखडे सपाट केल्यास फटक्यांच्या खेळात दोन फटक्यांचा दंड बसे. १ जानेवारी २०१९ पासून लागू झालेल्या नियमावलीतील १३.१क या कलमाने हे बंधन सैल केले. आता बुटांचे ओरखडे, काठीचे घाव, प्राण्यांच्या पावलांच्या खुणा अशी बहुतेक हानी हाताने, पायाने, काट्याने किंवा काठीने दुरुस्त करता येते. मात्र हिरवळीत हवा खेळावी म्हणून माळ्यांनी पाडलेली छिद्रे, पृष्ठभागातील नैसर्गिक उणिवा आणि खळीच्या कडेची नैसर्गिक झीज यांना हात लावता येत नाही. शिवाय दुरुस्तीच्या निमित्ताने खेळ विनाकारण लांबविल्यास दंड होऊ शकतो.

ही मुभा हिरवळीपुरतीच आहे, हेही ध्यानात असावे. हिरवळीच्या बाहेर, पण आपल्या चेंडूच्या मार्गात असलेला खळगा फटका मारण्यापूर्वी बुजविल्यास आपली स्थिती सुधारल्याचा ठपका येतो. आपलाच चेंडू हिरवळीवर खळग्यात रुतला असेल, तर आधी त्याच्या जागी खूण ठेवावी, चेंडू उचलावा, खळगा दुरुस्त करावा आणि मग चेंडू पूर्ववत त्याच जागी ठेवावा.

मागून येणाऱ्याचे ऋण

मैदानाची काळजी घेणे हा खेळाडूच्या वर्तनाचा भाग असल्याचे नियमावलीच्या पहिल्याच प्रकरणात नमूद आहे. यामागील न्याय साधा आहे. खळगा पाडणाऱ्याला सहसा त्याचा उपद्रव होत नाही. मागाहून येणाऱ्या अनोळखी खेळाडूचा चेंडू तेथे उडी मारून खळीला हुलकावणी देतो आणि ऐन मोक्याचा फटका वाया जातो. पहाटे उजाडण्याआधी हिरवळीवर वाकून काम करणाऱ्या माळ्यांवरही त्याचा भार पडतो. म्हणूनच आपला खळगा बुजवून झाल्यावर शेजारचा आणखी एखादा, कोणीतरी विसरून गेलेला खळगाही बुजवावा, असा संकेत जाणकार खेळाडू पाळतात. आपण ज्या सपाट हिरवळीवर चेंडू ढकलतो, ती आपल्याआधी येऊन गेलेल्या कोणीतरी वाकून सावरलेली असते.