फ्यूज : दुबळ्या तारेचे काम

विजेचे दिवे येण्यापूर्वीच फ्यूजची कल्पना निघाली होती. तारायंत्राच्या तारांवर आकाशातील वीज कोसळली की तारघरातील यंत्रे जळत. फ्रान्समध्ये लुई ब्रेगे यांनी १८४७ मध्ये उपाय सुचवला : तार यंत्रापर्यंत पोचण्याआधी तिच्यात बारीक तारेचा तुकडा जोडावा. तो वितळेल, यंत्र वाचेल.

पुढे दिव्यांसाठी अशाच सुरक्षा-तारेचे पेटंट एडिसन यांना १८८० मध्ये अमेरिकेत मिळाले. यामागचा नियम जूल यांनी १८४१ मध्ये मांडला होता. त्यानुसार विद्युतप्रवाह दुप्पट झाला की त्याच तारेत उष्णता चौपट निर्माण होते. कथील २३२ आणि शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. तांब्याला १०८५ अंश लागतात. म्हणून शिसे-कथलाच्या मिश्रधातूची तार आधी वितळते, मंडल तुटते आणि तांब्याच्या तारा शाबूत राहतात.

ब्रिटिश अभियंता प्रीस यांनी १८८० च्या दशकात प्रयोगांवरून दाखवले, की तारेचा व्यास दुप्पट केला तर ती वितळवायला सुमारे २.८ पट प्रवाह लागतो. तेव्हा फ्यूज वारंवार उडतो म्हणून जाड तार बसवणे म्हणजे वितळण्याचे काम भिंतीतल्या तारांवर सोपवणे होय. वर्गात फ्यूज शिकवताना एवढी एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनावर ठसलीच पाहिजे.