दोन स्वामिनींचा राजा

प्राचीन इजिप्तच्या राजाची पाच नावांची बिरुदावली मध्य राज्याच्या काळापर्यंत पक्की झाली. त्यांतले जन्मनाव तेवढे आधीपासूनचे असे आणि उरलेली चार राज्यारोहणाच्या वेळी धारण केली जात. या चारांतील 'नेब्ती' नाव वेगळे उठून दिसते, कारण त्याच्या आरंभी राजाला सांभाळणाऱ्या दोन देवी उभ्या असतात.

चित्रलिपीत हे बिरुद दोन उथळ परड्यांनी लिहितात: एकीवर गिधाड बसलेले, दुसरीवर फणा उभारलेला नाग. परडीचे चिन्ह 'नेब', म्हणजे स्वामी, असे वाचले जाते. त्याचे स्त्रीलिंगी रूप 'नेबेत', आणि संस्कृतप्रमाणे या भाषेतही द्विवचन असल्याने दोघी स्वामिनी मिळून 'नेब्ती'. गिधाड ही दक्षिणेतील नेखेबची, म्हणजे आजच्या एल-काबची, नेखबेत. नाग ही नाईलच्या त्रिभुज प्रदेशातील बुटोची वाजेत, जिचे नाव पपायरसच्या हिरव्या रंगाशी जोडलेले आहे. मंदिरांच्या भिंतींवर नेखबेत पंख पसरून राजाच्या डोक्यावर तरंगते, तर वाजेत त्याच्या कपाळावर फणा काढून बसते. तुतनखामेनच्या सोन्याच्या मुखवट्यावर मात्र दोघी कपाळावर शेजारी शेजारी आहेत.

नकादा येथील थडग्यात मिळालेल्या, पहिल्या राजवंशाच्या आरंभीच्या हस्तिदंती पट्टीवर हे दोन्ही प्राणी आधीच एकत्र आलेले दिसतात आणि त्यांच्याखालच्या 'मेन' या चिन्हावरून त्या पट्टीवरचा राजा म्हणजे परंपरेने इजिप्तचा पहिला राजा मानलेला मेनेस होता का, हा वाद विद्वानांत दीर्घकाळ चालत आला आहे. त्या वादापेक्षा महत्त्वाचे हे, की दक्षिण आणि उत्तर हे दोन प्रदेश एका सत्तेखाली आल्यावरही एकाची देवी दुसऱ्याच्या देवीत विरून गेली नाही. नेखबेत आधी आणि वाजेत नंतर, असा क्रम ठरला, पण राजाला दोघींचेही छत्र लागे. आतेन या एकाच देवाचा पुरस्कार करणाऱ्या अखेनातेननेदेखील आपल्या बिरुदावलीतून नेब्ती नाव काढले नाही. त्यातला मजकूर बदलून अखेतातेन या नव्या राजधानीतील आपल्या थोर राजपदाचा उल्लेख त्यात घातला.

इ.स.पू. 196 मधील रोझेटा शिलालेखाच्या ग्रीक पाठात पाचव्या टॉलेमीच्या या बिरुदाचे भाषांतर 'मुकुटांचा स्वामी' असे झाले आहे. त्याला आधार होता, कारण दक्षिणेचा पांढरा मुकुट नेखबेतशी आणि उत्तरेचा तांबडा वाजेतशी एकरूप मानला जाई. परंतु मूळ बिरुदात राजा दोन स्वामिनींचा होता, आणि ग्रीकमध्ये तोच स्वामी झाला.