ओझें कोरडें ठेवण्याची विद्या

कांजूरमार्गच्या पूर्वेस खाडीकांठीं मिठागरांच्या जमिनी पसरल्या आहेत. मिठाचा धंदा सारा उन्हावर. मृगाच्या एका मोठ्या सरीनें उघड्या राशीचें पाणी होई. म्हणून आगरी मंडळी रास निमुळती रचून तिजवर गवताचें छप्पर घालीत. पाऊस अडवावयाचा नाहीं, वळवावयाचा, हें त्यांतील मर्म.

वाटसरूचें इरलें याच युक्तीचें. बांबूच्या दोन जाळ्यांमध्यें पळसासारखीं रुंद पानें कौलांप्रमाणें एकावर एक बसवीत. पाणी पाठीवरून घसरे, हात मोकळे राहत, खालून वारा खेळे.

इ. स. 1660 च्या जुलैंत शिवाजीमहाराज भर पावसांत रात्रीं पन्हाळगडाहून विशाळगडाकडे निघाले. अशा वाटेवर अंग भिजणें अटळच; परंतु दारू भिजली किंवा तोडा विझला, कीं तोड्याची बंदूक म्हणजे नुसती काठी!

पुढें 1823 सालीं ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिन्टॉशनें दोन कापडांमध्यें रबराचा थर देऊन जलाभेद्य वस्त्राचें पेटंट घेतलें. पाऊस बाहेर राहिला. पण घाम आंत कोंडला.

आज कांजूरमार्गहून लोकलनें कर्जत-कसाऱ्याच्या वाटेनें सह्याद्रींत जाणारे तरुण पाठपिशवीवर आच्छादन घालतात. तरी पाठीकडून पाणी झिरपतेंच. म्हणून जाणते गडी आंतच प्लास्टिकची पिशवी घालून तींत कोरडे कपडे घट्ट बांधतात. ओल्या अंगानें वाऱ्यांत रात्र काढणारा गारठून प्राणासही मुकतो. तेथें कोरडी बंडी हीच शेकोटी.

तात्पर्य, अंग भिजो, पण गांठोडें भिजूं नये.