न घातलेला टाका

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातलं चारठाणा ओळखलं जातं ते जुन्या देवळांसाठी आणि नक्षीदार दगडी स्तंभासाठी. मराठवाड्यातल्या कुठल्याही गावासारखं इथेही बायकांच्या बोलण्यात सीझर, कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन आणि गर्भाशयाची पिशवी काढणं येतंच. वरची जखम भरते, टाके निघतात. पण काहींचं ओटीपोट पुढे वर्षानुवर्षं दुखत राहतं, कुणाला पुन्हा दिवस राहत नाहीत, तर कुणाचं आतडं अचानक अडतं. यामागे अनेकदा एकच कारण असतं: पोटातले अवयव एकमेकांना चिकटलेले असतात.

पोटातल्या अवयवांवर उदरावरण नावाचा पातळ, ओलसर पडदा असतो. त्यामुळे आतडी, गर्भाशय, बीजवाहिन्या एकमेकांवरून सहज सरकतात. शस्त्रक्रियेत हा पडदा चिमट्यात सापडतो, कोरड्या गॉजने घासला जातो, दिव्यांखाली सुकतो. दुखावला की शरीर दाह सुरू करतं. रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरतो आणि त्यातलं फायब्रिन दोन अवयवांमध्ये खळीसारखं बसतं. ते विरघळवण्याची सोयही शरीराकडे असते. प्लाझ्मिन हे विकर तेच काम करतं. पण जिथे रक्तपुरवठा तुटलेला असतो तिथे ही सोय लंगडी पडते. पहिल्या तीन-चार दिवसांत खळ विरघळली नाही, तर तिच्यात तंतुपेशी शिरतात, मागोमाग रक्तवाहिन्या येतात आणि कायमचा पट्टा तयार होतो.

यावर उपाय म्हणून शल्यविशारदांनी आधी पोटात काहीतरी ठेवून पाहिलं. तेलं झाली, पॅराफिन झालं, वारेचा पडदा झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बैलाच्या उदरावरणापासून केलेला ‘कार्गाइल पडदा’ वापरात आला. यांतल्या कशानेच भरवशाचा गुण आला नाही.

दुसरीकडे, उदरावरणाला पडलेलं प्रत्येक भोक काटेकोरपणे शिवून टाकणं ही चांगल्या हाताची खूण मानली जात होती. लंडनचे हॅरॉल्ड एलिस यांनी 1960 च्या दशकात उंदरांवर प्रयोग करून ही समजूतच तपासली. उघडे ठेवलेले व्रण बहुतांशी गुळगुळीत भरले. टाके घालून ओढून शिवलेले मात्र चिकटले. टाक्याने आवळलेल्या ऊतीला रक्त मिळेना, म्हणून शेजारचा अवयव तिला येऊन चिकटला आणि रक्तवाहिन्या पुरवू लागला. चिकटणं ही शरीराने उपाशी ऊतीला केलेली मदत होती! या विषयाच्या इतिहासात इतका मोलाचा शोध दुसरा नसेल.

हातमोज्यांवरच्या पावडरीची गोष्टही याच वळणाची. आधी टाल्क वापरत. ती पोटात सांडून गाठी होतात असं दिसल्यावर मक्याचा स्टार्च आला, पण त्यानेही दाह होतोच असं आढळलं. अमेरिकेने पावडर लावलेल्या मोज्यांवर बंदी घातली, ती थेट जानेवारी 2017 मध्ये.

ऊतींना कमीत कमी दुखवण्याची शिस्त बीजवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेत सर्वांत कडक झाली, कारण तिथे केसाएवढा पट्टाही वंध्यत्व देऊ शकतो. स्वीडनचे कुर्ट स्वोलिन आणि कॅनडाचे व्हिक्टर गोमेल यांनी भिंगाखाली काम करणं, ऊती सतत ओल्या ठेवणं, बारीकसा रक्तस्राव लगेच थांबवणं हे रूढ केलं. अवयव एकमेकांपासून वेगळे ठेवण्यासाठी अमेरिकेत 1989 मध्ये सेल्युलोजच्या विरघळणाऱ्या जाळीला मान्यता मिळाली, 1996 मध्ये हायल्युरोनिक आम्लाच्या पातळ पापुद्र्याला. दोन्हींचा उपयोग होतो, पण निष्काळजी हाताची भरपाई त्यांनी होत नाही.

सीझरमध्ये उदरावरण शिवावं की नाही, हा वाद मात्र मिटलेला नाही. भारतासह सात देशांतल्या 15,000 हून अधिक स्त्रियांवरच्या कोरोनिस चाचणीत (2013) शिवण्या-न शिवण्याने लगेचच्या परिणामांत ठळक फरक दिसला नाही.

गर्भाशय काढण्याच्या बाबतीत मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. शिरीष शेठ यांनी वेगळीच वाट धरली. पोट न उघडता योनिमार्गाने गर्भाशय काढण्याचा त्यांनी आयुष्यभर पुरस्कार केला. आधीच्या सीझरमुळे मूत्राशय गर्भाशयाला चिकटलेलं असलं, तरी गर्भाशयमुखाच्या बाजूच्या मोकळ्या जागेतून सुरक्षितपणे आत कसं शिरायचं, हे त्यांनी दाखवून दिलं.

पण मुळात ती पिशवी काढायचीच होती का? परभणीला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने हाच प्रश्न विचारला. तपासणीत आलेल्या 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. यांतल्या कुणावर पुढे पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ आली, तर डॉक्टरला आधीचं काय झालं ते कळायलाच हवं. छेद कुठून घेतला, काय काढलं, आत काही चिकटलेलं होतं का, हे डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहून द्यायला फार वेळ लागत नाही. तेवढं तरी प्रत्येकीला मिळालंच पाहिजे.