दशांश तास

दोन वेळांमधले अंतर तास-मिनिटांऐवजी तासाच्या दशांश अपूर्णांकात मांडण्याची रीत. साडेसात तास म्हणजे ७.५, ७.३० नव्हे. तासाच्या दराने मजुरी, ओव्हरटाइम किंवा यंत्राचे भाडे काढायचे तिथे ही रीत लागते.

एक्सेल, गूगल शीट्स, लिब्रेऑफिस कॅल्क या स्प्रेडशीटांमध्ये अख्खा दिवस म्हणजे १. सकाळचे सहा ०.२५, दुपारचे बारा ०.५. त्यामुळे ७:३० असा दिसणारा कालावधी आत ०.३१२५ असतो. त्याला ८० रुपयांचा दर थेट लावला तर ६०० ऐवजी २५ रुपये येतात. उपाय सोपा: ए२ मध्ये सुरुवातीची आणि बी२ मध्ये शेवटची वेळ असेल तर =(बी२-ए२)*२४, आणि उत्तराच्या सेलला वेळेचा नव्हे, संख्येचा फॉरमॅट. रात्रपाळीत, म्हणजे २२:०० ते ६:०० अशा नोंदीत, हेच सूत्र उणे १६ दाखवते. तिथे वजाबाकीवर ‘मॉड’ हे फंक्शन १ या भाजकासह लावून मग २४ ने गुणावे. उत्तर ८ येते. काम २४ तासांच्या पुढे जाणार असेल तर वेळेबरोबर तारीखही लिहावीच लागते.

दिवसाच्या याच अपूर्णांकाला २४ ऐवजी ६० ने गुणले की पंचांगातल्या घटिका मिळतात. एक घटिका २४ मिनिटांची, म्हणजे नेमके ०.४ तास. महाराष्ट्रातल्या अंबाजोगाई या गावासाठी हा ०.४ चा आकडा विशेष आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बांधलेली आहे, तर अंबाजोगाई सुमारे ७६.४ अंशांवर. फरक ६.१ अंशांचा, अंशाला ४ मिनिटे धरली तर २४.४ मिनिटे, म्हणजेच ०.४१ तास. गावाची स्थानिक सरासरी वेळ घड्याळापेक्षा जवळजवळ एक घटिका मागे असते. तिथे सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नव्हे, साधारण साडेबाराच्या सुमारास. ऋतुमानाप्रमाणे हा क्षण काही मिनिटे मागेपुढे होतो.

मजुरीच्या हिशेबात दशांश तासांचे पूर्णांकन शेवटच्या बेरजेवरच करावे. रोजची जादा २० मिनिटे ०.३३ धरली तर २६ दिवसांत ८.५८ तास भरतात, प्रत्यक्षात ते ८.६७ असतात. पाच मिनिटांची ही तूट काम करणाऱ्याच्या पदरी पडते. हजेरीच्या मूळ वेळाही वेगळ्या रकान्यात तशाच राहू द्याव्यात, नुसत्या ७.५ वरून माणूस कधी आला आणि कधी गेला हे कळत नाही.