नकाराचा दस्त

घराच्या व्यवहारांची जुनी कागदपत्रं वाचणं हा माझा गेल्या वीस वर्षांचा छंद. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. हिशेबनिसाची नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी खरेदीखतं, भाडेपावत्या, गृहनिर्माण संस्थांचे अहवाल गोळा करत गेलो आणि वाचता वाचता शिकत गेलो. एवढ्याच भांडवलावर दोन वर्षांपूर्वी माझ्या भाचीने मला कामाला लावलं. "मामा, तुला यातलं कळतं. आम्ही घर बघतोय, तू बरोबर चल."

तिची गरज साधी होती. अकरा-अकरा महिन्यांच्या करारांवर तिने पाच वर्षांत चार घरं बदलली होती. सासूबाईंचे गुडघे गेलेले, म्हणून लिफ्ट हवी किंवा तळमजला. मुलाची शाळा दादरला, म्हणून फार लांब नको. दोघंही नोकरी करणारी, बँकेचं कर्ज मंजूर. दीड वर्षात आम्ही सात घरांना ऑफर दिली. सातही हातातून गेली.

नोंदी ठेवायची माझी सवय जुनी. तारीख, जागा, मागितलेली किंमत, आम्ही देऊ केलेली किंमत आणि शेवटचा रकाना "कारण". सातव्या नोंदीनंतर वही चाळताना लक्षात आलं, की कारणाच्या रकान्यात "नाही" हा शब्द एकदाही आलेला नाही. "विचार करून कळवतो." "मुलगा परदेशातून आला की बोलू." "आत्ता विकायचा विचार लांबणीवर टाकलाय." नकार सातही वेळा मिळाला, पण दिला कुणीच नव्हता.

दुसरी गोष्ट लक्षात आली ती मला अधिक बोचली. १९०८च्या नोंदणी कायद्याप्रमाणे स्थावर मालमत्तेच्या नोंदवलेल्या दस्ताची नोंद दुय्यम निबंधकाकडे सूची क्रमांक दोनमध्ये होते. आपण तिला सरसकट "इंडेक्स टू" म्हणतो. मुंबईत कोण कुठे राहायला आलं हे मी आजवर मुख्यत: या सूचीवर विसंबून लिहीत आलो. पण तिच्यात ज्यांना घर मिळालं तीच माणसं असतात. ज्यांना दारातून परत पाठवलं त्यांचा दस्त होत नाही, त्यावर मुद्रांक लागत नाही, त्याची नक्कल मिळत नाही. शहर कुणाचं झालं नाही हे त्या सूचीतून कधीच कळणार नव्हतं, आणि वीस वर्षांत मला हे सुचलंही नव्हतं. वहीतल्या तीन नोंदींच्या आधाराने त्या न नोंदलेल्या भागाकडे बघण्याचा हा प्रयत्न आहे.

पहिली नोंद गिरगावातली. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, पागडीच्या. भाडेकरू जागा सोडायला तयार होता. पण पागडीची जागा म्हणजे मालकी नव्हे, भाडेकरूचा हक्क. भाडेपावती नव्या नावावर व्हायची तर चाळमालकाची संमती हवी, आणि संमतीसाठी त्याचा हिस्सा.

हा प्रकार आला कुठून? मुंबईत भाड्यावर पहिलं नियंत्रण आलं ते पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ साली. पुढे १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं तेच मुळात प्रमाण धरलं. त्यामागे भाडेकरूला रस्त्यावर येऊ न देण्याचा चांगला हेतू होता. माझ्या आजोबांसारख्या कितीतरी कुटुंबांना त्या कायद्यानेच मुंबईत टिकवलं. पण भाडं गोठलं आणि जागेची किंमत वाढत राहिली. मधली तफावत भरून काढायला पागडी होती. कायद्याने मालकाला ती घ्यायची मनाई होती, तरी तिचा दर साऱ्या वाडीला पाठ असे. १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, तेव्हा कुठे ही रक्कम घेणं वैध ठरलं. मधल्या अर्धशतकात शहराने एक धडा गिरवून ठेवला: जागेची एक किंमत कागदावर असते, आणि दुसरी तोंडी.

आमच्या चाळमालकाने शेवटपर्यंत नाही म्हटलं नाही. चार भेटींत त्याने आपला हिस्सा चार वेगवेगळा सांगितला. पाचव्या भेटीची वेळ त्याने दिलीच नाही.

दुसऱ्या नोंदीत दोष माझा आहे. दादरचं घर, तिसरा मजला, लिफ्ट. भाचीच्या सासूबाई खिडकीशी जाऊन बसल्या त्या उठायला तयार होईनात. मी त्याच इमारतीतल्या अलीकडच्या तीन विक्रींचे आकडे इंडेक्स टूमधून काढले, सरासरी काढली आणि तिच्यावर थोडी रक्कम चढवून ऑफर द्यायला सांगितलं. भाची म्हणाली, "मामा, फार कमी नाही ना होत?" मी म्हणालो, "कागद खोटं बोलत नाही."

घरमालकांनी आकडा वाचला, कागदाची घडी घातली आणि चहा विचारला. जिना उतरताना दलाल मला हळूच म्हणाला, "काका, ते आकडे चेकचे होते."

चेकबाहेरच्या या आकड्याशी सरकार किती वर्षं झगडत आलंय हे मला वाचून माहीत होतं. १९८६ साली आयकर कायद्यात वीस-सी हे प्रकरण आलं. मोठ्या शहरांत ठरावीक रकमेवरच्या सौद्याची माहिती ३७-आय या नमुन्यात आधी सरकारला कळवायची, आणि किंमत कमी दाखवल्याचं दिसलं तर दाखवलेल्या किमतीला सरकारच ते घर घेणार. म्हणजे विकणारा हो म्हणाला तरी घर हातचं जाण्याची ही आणखी एक वाट. १९९२ साली सी. बी. गौतम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की संबंधितांचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय सरकारला असं घर घेता येणार नाही. १ जुलै २००२ पासूनच्या व्यवहारांना ते प्रकरण लागू राहिलं नाही. त्यानंतर ५०-सी कलम आलं. मुद्रांक शुल्कासाठी सरकारने धरलेलं मूल्य विकणाऱ्याच्या करासाठीही प्रमाण झालं. २०१५मध्ये घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेण्यावर बंदी आली.

हे सगळं ठाऊक असूनही सूचीतला आकडा मी पुरा धरून चाललो. दुसऱ्या दिवशी आम्ही चेकचीच रक्कम बरीच वाढवून कळवली. तोवर घर दुसऱ्याला देऊन झालं होतं. भाची मला काही बोलली नाही. सासूबाईंनी मात्र महिनाभर त्या खिडकीची आठवण काढली.

तिसऱ्या नोंदीत किंमत ठरली होती. टोकनचा चेकही दिला होता. "एकदा कमिटीला भेटून घ्या, ओळख होईल," असं विकणाऱ्याने सुचवलं, म्हणून संध्याकाळी आम्ही सोसायटीच्या कार्यालयात गेलो. तिथे एका सदस्याने जावयांचं आडनाव विचारलं. मग मूळ गाव. मग पुन्हा आडनाव, जणू पहिल्यांदा नीट ऐकू आलं नसावं. मग स्वयंपाकघरात काय काय शिजतं, हे. सगळं हसतखेळत. दुसऱ्या दिवशी विकणाऱ्याने टोकन परत केलं. "माझी काही हरकत नाही हो, पण नंतर तुम्हालाच त्रास नको."

सहकारी गृहनिर्माणाची मुंबईतली सुरुवात मला नेहमी अभिमानाने सांगावीशी वाटते. शहराने १८९६च्या प्लेगचे घाव सोसलेले, भाडी चढलेली, मध्यमवर्गाला नीट जागा मिळेना. अशा काळात श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५मध्ये गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. आशियातली अशी पहिली संस्था म्हणून तिचं नाव घेतलं जातं. एकमेकांवर विश्वास असलेली माणसं एकत्र आली तर पैसा उभा राहतो, हे तालमकींनी १९०६मध्ये शामराव विठ्ठल पतपेढी काढून आधीच दाखवलं होतं. हा विश्वास ज्ञातीच्या ओळखीतून आला होता. मुंबईतल्या अनेक संस्था पुढे याच वाटेने गेल्या.

पण ओळखीच्या माणसांचं घर बांधलं, की अनोळखी माणसाचं काय करायचं हा प्रश्न उरतो. १९६०च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याचं कलम २३ सांगतं, की पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येणार नाही. दुसरीकडे, अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने पारशांपुरतंच सभासदत्व ठेवणारा पोटनियम वैध मानला. न्यायालयातली ही चर्चा लेखी पोटनियमांची होती. आमच्या वेळी कमिटीने काहीच लिहिलं नव्हतं. आव्हान द्यायचं तर कशाला द्यायचं?

अशा न लिहिलेल्या नकाराची एक नोंद मात्र आपल्याकडे आहे, कारण ज्याला तो मिळाला त्यानेच ती करून ठेवली. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव सांगून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. हा प्रसंग त्यांनी "वेटिंग फॉर अ व्हिसा"मध्ये लिहिला आहे आणि आपण सारे तो जाणतो. या वेळी वाचताना मी थांबलो तो पुढच्या भागापाशी. त्यांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला, एक हिंदू, एक ख्रिस्ती. एकाने घरातले नोकर सोडून जातील अशी अडचण सांगितली. दुसऱ्याला बायकोला विचारायचं होतं. काठी घेतलेल्यांनी स्पष्ट नकार दिला. मित्रांनी फक्त अडचण सांगितली. त्या रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले.

हे वाचून झाल्यावर मी माझ्याच घरातलं कपाट उघडलं. ठाण्याच्या आमच्या सोसायटीचा मी नव्वदच्या दशकात तीन वर्षं सेक्रेटरी होतो. अक्षर बरं आणि वय कमी, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलेलं. त्या काळातली इतिवृत्ताची जुनी वही माझ्याकडेच राहून गेली होती. हवं ते पान सापडायला वेळ लागला नाही, कारण ते तिथे असणार हे मला आतून ठाऊक होतं. "फ्लॅट हस्तांतरणाबाबतचा अर्ज अपूर्ण असल्याने परत पाठवावा असे ठरले." महिन्याभराने पुन्हा: "त्रुटींची पूर्तता समाधानकारक नसल्याने विषय तहकूब." अक्षर माझं.

अर्जात त्रुटी नव्हती. अर्जावर तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर अर्जदार सभासद झाल्याचं कायदा मानतो, हे कमिटीतल्या एका जाणत्या गृहस्थांनी आम्हाला समजावलं होतं. म्हणून अर्ज परत पाठवत राहायचा, मुदत सुरूच होऊ द्यायची नाही. का, हे कुणी बोललं नाही. सगळ्यांना कळलं होतं. मलाही कळलं होतं, आणि मी छान वळणदार अक्षरात लिहून काढलं. विकणारा कंटाळला आणि त्याने फ्लॅट दुसऱ्याला दिला. त्या दुसऱ्याचं नाव इंडेक्स टूमध्ये आहे.

गेल्या पावसाळ्यात भाचीला अखेर घर मिळालं. दादरला नाही, कल्याणच्या पुढे. लिफ्ट आहे. मुलाची शाळा बदलावी लागली. नोंदणी झाल्या दिवशी तिने मला इंडेक्स टूचा फोटो पाठवला. रविवारी मी ती जुनी वही घेऊन तिच्याकडे गेलो आणि ते पान दोघांना दाखवलं. जावयांनी ते दोनदा वाचलं, वही भाचीकडे दिली आणि आत जाऊन सासूबाईंच्या गोळ्यांची वेळ झाली का बघून आले.

भाचीने विचारलं, "मामा, कोण होता रे तो?"

मी पान पुन्हा पाहिलं. मागचं पाहिलं, पुढचं पाहिलं. विकणाऱ्याचं नाव होतं, फ्लॅटचा क्रमांक होता, हजर सदस्यांची नावं होती. ज्याला परत पाठवलं त्याच्यासाठी मी दोन्ही ठिकाणी एकच शब्द लिहिला होता: अर्जदार.